पुढच्या चाकाचे माप

मंडळी, आज बोलायचं आहे मोटारसायकलच्या पुढच्या चाकाविषयी. पण सुरुवात बैलगाडीपासून केलेली बरी. आपल्याकडची जुनी लाकडी गाडी आठवा. तिचं चाक जवळजवळ माणसाच्या छातीला लागायचं. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि वर लोखंडी धाव. एवढं थोरलं चाक सुतार का करीत असे? लहान चाकाला लाकूड कमी लागलं असतं, मेहनतही कमी पडली असती. पण वाट होती दगडधोंड्यांची, ओहोळांची, चिखलाची. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक खड्ड्यावरून जातं. सुतारानं हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्याच्या आज्यापणज्यानं मोडलेल्या गाड्या दुरुस्त करता करता ते शिकून ठेवलं होतं.

हाच हिशेब पुढे सायकलला लागू पडला, मोटारसायकलला आणि स्कूटरलाही. फरक इतकाच की बैलगाडीची चाकं शेजारी-शेजारी असतात, मोटारसायकलची एकामागे एक. म्हणून मोटारसायकलचं पुढचं चाक नुसतं ओझं वाहत नाही. ते वळण घेतं, तोल सावरतं, आणि ब्रेक दाबला की गाडीचा बराचसा भार त्याच्यावरच येतो. चारचाकीचा एक टायर दगा देऊ लागला तर बाकीचे तीन असतात. दुचाकीचा पुढचा टायर सुटला की माणूस जमिनीवर असतो.

मी हे कशामुळे बोलतो आहे ते आधी सांगतो. नेरुळला आमच्या शेजारी एक तरुण मुलगा राहतो. मला काका म्हणतो. जुनी मोटारसायकल त्यानं हौसेनं घेतली. तिच्या पुढच्या टायरवर २.७५-१८ असा आकडा होता, मागच्यावर १००/९०-१८. पुढचा टायर झिजला तेव्हा एका गॅरेजवाल्यानं त्याला सल्ला दिला, की पुढेही मागच्यासारखाच जाड टायर बसव. रिम दोन्हीकडे १८ ची, मग अडचण कसली? मुलानं मला विचारलं, "काका, जाड टायर म्हणजे पकड जास्त, हो ना?" मी वर्तमानपत्र वाचत होतो. म्हटलं, "असेल बाबा."

त्या "असेल बाबा"चा हिशेब शेवटी करू. आधी इतिहास पाहू.

पायानं चालवायच्या सायकली युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाल्या, तेव्हा पायटे थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असत. साखळी नव्हती. पाय एकदा फिरला की चाक एकदा फिरणार. मग जास्त वेग हवा असेल तर उपाय एकच: पुढचं चाक मोठं करायचं. १८७० नंतर इंग्लंडमध्ये पुढचं चाक वाढत वाढत ५० इंचांच्या वर गेलं. ५२ इंचांचं चाक एका फेरीत सुमारे ४ मीटर अंतर कापतं. वेग मिळाला, पण स्वार बसणार जवळजवळ चाकाच्या माथ्यावर. पुढे एखादा धोंडा आला की गाडी थांबायची आणि स्वार डोक्यावरून पुढे पडायचा. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यानं 'रोव्हर' नावाची सायकल आणली. तिच्यात साखळी मागच्या चाकाला जोडलेली होती आणि दोन्ही चाकं जवळपास सारखी होती. तिला लोक 'सेफ्टी', म्हणजे सुरक्षित सायकल, म्हणू लागले. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तयार केलेल्या हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. तशी कल्पना रॉबर्ट थॉमसन यानं १८४५ मध्येच मांडली होती, पण ती तेव्हा चालली नाही.

शिक्षक मित्रहो, इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. साखळी आली तेव्हा पुढच्या चाकाची वेगाच्या जोखडातून सुटका झाली. त्या दिवसापासून पुढच्या चाकाचं माप ठरवायचं ते रस्ता, ओझं आणि वळण या तिघांना पाहून. मोटारसायकल जन्मली ती या सेफ्टी सायकलच्या पोटी. म्हणून सुरुवातीपासून मोटारसायकलची चाकं मोठी राहिली. आपल्याकडे १९५५ पासून मद्रासला बनू लागलेली बुलेट पाहा: पुढेमागे १९ इंची रिम आणि सव्वातीन इंची टायर.

आता उलट बाजू. दुसरं महायुद्ध संपल्यावर इटलीत पियाज्जिओ कंपनीनं १९४६ साली व्हेस्पा काढली. तिचा आराखडा कोराडिनो द'अस्कानिओ या विमानाच्या इंजिनियरचा. त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. कपडे मळू नयेत, बायकांनाही बसता यावं, पंक्चर झालं तर चाक मोटारीसारखं काढून दुसरं लावता यावं, असा त्याचा विचार. यासाठी चाक लहान हवं. व्हेस्पाला ८ इंची चाक आलं. इटलीच्या शहरी, फरसबंद रस्त्यांवर ते चाललं. पण वेग वाढवायची वेळ आली तेव्हा, १९५५ च्या जी.एस. नमुन्याला, त्याच कंपनीनं १० इंची चाक दिलं.

ही मंडळी आपल्या महाराष्ट्रात आली. मुंबईच्या भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कारखान्यात लॅम्ब्रेटा तयार होऊ लागली. त्याच भांडुपला १९५८ साली स्थापन झालेल्या सिएट कंपनीचा टायरचा कारखाना उभा राहिला. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज ऑटोनं पियाज्जिओशी करार करून व्हेस्पा १५० काढली. ८ इंची चाक, साडेतीन इंची टायर. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये बजाजची चेतक आली. तिचं चाक १० इंची. याच वेळी मैसूरच्या जावाला १६ इंची चाकं होती आणि बुलेटला १९ इंची. म्हणजे एकाच रस्त्यावर ८, १०, १६ आणि १९ अशी चारही मापं धावत होती. हौस म्हणून नव्हे. प्रत्येकीचं काम निराळं होतं.

आणि नेमक्या याच काळात खाडीपलीकडे एक शहर जन्माला येत होतं. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतल्या ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी मुक्रर झाली. भातखाचरं, मिठागरं, कोळ्यांची खाडी आणि आगरी लोकांची गावठाणं यांच्यामधून रस्त्यांच्या रेघा आखल्या गेल्या. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला. मानखुर्दहून वाशीला लोकल मात्र आली १९९२ साली. मधली जवळजवळ वीस वर्षं या शहरानं बसवर आणि दुचाकीवर काढली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचा कामगार, तुर्भ्याच्या बाजारातला माणूस, पनवेलचा शिक्षक, सगळ्यांची भिस्त दोन चाकांवर.

आजही या शहरात तीन तऱ्हेचे रस्ते आहेत. एक पामबीच मार्ग: वाशी ते बेलापूर, सुमारे दहा किलोमीटर, रुंद आणि बराचसा सरळ, तिथे हात आपोआप पिळला जातो. दुसरे औद्योगिक पट्ट्यातले रस्ते: अवजड ट्रकखाली दबलेले, पावसाळ्यात खड्ड्यांनी भरलेले. तिसऱ्या गावठाणातल्या बोळी, जिथे दर वीस पावलांवर वळायचं. तिन्ही ठिकाणी पुढच्या चाकाची परीक्षा वेगळी.

पहिली परीक्षा खड्ड्याची. गुरुजी, हे गणित फळ्यावर मांडता येईल. पायथागोरसचा सिद्धान्त पुरेसा आहे. समजा रस्त्यात ३० सेंटिमीटर लांबीचा, चांगला खोल खड्डा आहे. चाक त्याच्या दोन्ही कडांवर टेकलं, तर किती खाली उतरेल? टायरसकट त्रिज्या घ्या. जुन्या ८ इंची स्कूटरची त्रिज्या साधारण १९ सेंटिमीटर. ती ७ सेंटिमीटरांहून अधिक खाली जाते. चेतकच्या १० इंची चाकाची साडेएकवीस. ती ६ सेंटिमीटर उतरते. १८ इंची मोटारसायकलची ३० सेंटिमीटर. ती उतरते अवघी ४. खड्डा तोच, पण पहिल्या स्वाराच्या मनगटाला जो दणका बसतो तो तिसऱ्याला निम्म्याच्या आसपास. उंचवट्याचंही असंच. ५ सेंटिमीटर उंचीची कड चढताना ८ इंची चाकाला जणू ४२ अंशांचा चढ लागतो, १८ इंचीला ३४ अंशांचा. सुताराची विद्या ती हीच.

दुसरी परीक्षा सरळ चालण्याची. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं लहान चाक पाहिलंय ना? ते ढकलाल त्या दिशेला आपोआप वळून मागे मागे येतं. कारण ज्या दांड्यावर ते फिरतं, त्याच्या मागे ते टेकलेलं असतं. मोटारसायकलचा पुढचा दांडा तिरका असतो. त्याची रेघ मनानं जमिनीपर्यंत वाढवा. ती जिथे टेकेल त्याच्या थोडं मागे टायर टेकतो. या अंतराला इंजिनियर 'ट्रेल' म्हणतात. आपण त्याला 'माग' म्हणू. मोटारसायकलला तो साधारण ८ ते ११ सेंटिमीटर असतो. माग जास्त, तर गाडी सरळ रेघेत खुशाल चालते, पण वळायला जड. माग कमी, तर चटकन वळते, पण वेगात हँडल चुळबुळ करतं. आणि हा माग चाकाच्या मापाशी बांधलेला आहे. बाकी काहीही न बदलता पुढच्या चाकाची त्रिज्या १ सेंटिमीटरनं वाढवली, तर माग साधारण अर्ध्या सेंटिमीटरनं वाढतो. शिवाय गाडीचं नाक वर उचललं जातं, दांडा आणखी मागे कलतो आणि माग अजून थोडा वाढतो. चाक लहान केलं की हे सगळं उलट.

तिसरी गोष्ट भोवऱ्याची. वर्गात सायकलचं सुटं चाक आणा. एका मुलाला दोन्ही हातांनी आस धरू द्या, दुसऱ्याला ते जोरात फिरवू द्या, आणि मग पहिल्याला म्हणा, आता कलव. ते सरळ कलत नाही, हाताला हिसका देऊन भलतीकडे वळतं. फिरणारं चाक आपली दिशा सहजी सोडत नाही. चाक जेवढं मोठं आणि जड, तेवढा हा हट्ट जास्त. पूर्वी पुष्कळांना वाटे, दुचाकी उभी राहते ती या भोवऱ्याच्या गुणामुळेच. १९७० साली डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञानं सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी दुसरं चाक लावलं आणि ते उलट फिरवलं, म्हणजे भोवऱ्याचा गुण वजा झाला. तरीही ती सायकल त्याला चालवता आली. २०११ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी तर अशी दुचाकी दाखवली, की जिच्यात भोवऱ्याचा गुणही नाही आणि मागही नाही, तरी ढकलून सोडली की आपली आपण तोल राखून जाते. कारण तिचं वजन मुद्दाम नेमक्या ठिकाणी ठेवलं होतं. यातून आपण काय घ्यायचं? दुचाकीचा तोल कोणा एकाच्या खांद्यावर नसतो. चाक, माग, दांड्याचा कल, वजनाची जागा हे सगळे मिळून संसार करतात. एकाला परस्पर बदललं, की बाकीच्यांची घडी विसकटते.

कारखानदारांनाही हे ठेचा खाऊनच कळलं. १९८० च्या दशकात शर्यतीच्या मोटारसायकलींना पुढे १६ इंची चाक लावण्याची टूम निघाली. गाडी झरझर वळायची. पण ती फार चंचल वाटते अशी तक्रार होऊ लागली. अखेर मधला मार्ग म्हणून १७ इंच रूढ झालं. आपल्याकडे १९९४ मध्ये आलेल्या स्प्लेंडरला पुढेमागे १८ इंची चाक मिळालं. खेड्यातल्या वाटेला आणि दुधाच्या कॅनला ते मानवलं. वेगाच्या गाड्या हळूहळू १७ वर गेल्या. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डनं डोंगरी, दगडी वाटांसाठी हिमालयन काढली तेव्हा मागे १७ ठेवून पुढे २१ इंची चाक दिलं. बैलगाडीचा सुतार ते पाहून हसला असता!

स्कूटरची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. ८ वरून ती १० वर आली आणि तिथेच बरीच वर्षं थांबली. मग २०१३ च्या ज्युपिटरला दोन्हीकडे १२ इंची चाकं आली. २०२० साली अॅक्टिवानंही पुढचं चाक १० वरून १२ वर नेलं, आणि त्याच वर्षी बजाजनं चेतक हे जुनं नाव विजेच्या स्कूटरला देऊन बाजारात आणलं, तेही १२ इंची चाकावर. १९४६ साली इटलीच्या फरसबंदीसाठी लहान केलेलं चाक आपल्या खड्ड्यांनी पुन्हा मोठं करून घेतलं, असं म्हटलं तरी चालेल. मात्र एक लक्षात ठेवा: ही कामं करताना इंजिनियरांनी दांडा, शॉकअब्सॉर्बर, मडगार्ड सगळं नव्यानं मांडलं. नुसतं चाक बदलून ते मोकळे झाले नाहीत.

आता त्या मुलाकडे येऊ. त्यानं पुढे १००/९०-१८ बसवला. हिशेब करा. २.७५-१८ मध्ये रुंदी पावणेतीन इंच, म्हणजे ७० मिलिमीटर, आणि रिम १८ इंचांची. नव्या टायरमध्ये रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. त्रिज्या २ सेंटिमीटरनं वाढली. म्हणजे माग १ सेंटिमीटरनं वाढला आणि हँडल जड झालं. जाड टायर अरुंद रिमवर आवळला गेला, त्याची गोलाई बिघडली. रुंद टायर कलला की रस्त्याला टेकणारी जागा मध्यापासून बाजूला सरकते, म्हणून तेच वळण घ्यायला जास्त कलावं लागतं. त्याच्या गाडीचं काट्याचं मीटर पुढच्या चाकावरून चालणारं. चाक मोठं झाल्यानं ते खोटं बोलू लागलं. काटा ६० दाखवी तेव्हा गाडी ६४ नं पळत असे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मडगार्ड आणि टायर यांच्यात जी दोन बोटं जागा होती, ती संपली.

जुलैत तो उलव्याच्या बाजूला एका मित्राकडे गेला. बांधकामाजवळचा कच्चा रस्ता, चिकणमाती, वर संततधार. माती टायरला चिकटली, मडगार्डखाली दाटली आणि पुढचं चाक जागच्या जागी अडकलं. वेग फार नव्हता म्हणून निभावलं. खांद्याजवळचं हाड मोडलं, दोन महिने घरी बसावं लागलं. मी भेटायला गेलो तेव्हा तो हसत म्हणाला, "काका, पकड जास्तच निघाली!" मला काही हसू आलं नाही. मी निदान "थांब, जरा पाहू या" एवढं म्हणायला हवं होतं. तेवढ्यावर भागलं असतं.

म्हणून शेवटी चार गोष्टी सांगतो. गाडीच्या पुस्तिकेत आणि बहुधा साखळीच्या झाकणावरच्या पट्टीवर पुढच्या-मागच्या टायरचं माप आणि हवा लिहिलेली असते. तेच माप घ्या. पुढचा टायर पुढेच, आणि त्यावरच्या बाणाची दिशा चाकाच्या फिरण्याशी जुळती हवी. टायरवर चार आकडे एकत्र असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की त्या टायरचं आयुष्य संपलं, मग पावसाळा तोंडावर असो वा नसो. आणि आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, हवा पाहा. हवा कमी असली तरी हँडल जड होतं आणि माणूस उगाच टायरला दोष देतो.

गुरुजी, तुमच्या शाळेतली मोठी मुलं आज ना उद्या मोटारसायकलवर बसणारच. त्यांना पायथागोरस शिकवताना एकदा तो खड्डा फळ्यावर काढा, आणि शाळेबाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवरचा आकडा वाचायला लावा. एखादा विद्यार्थी उद्या तुम्हाला विचारील, "गुरुजी, पुढे जाड टायर लावू का?" तेव्हा हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवा आणि त्याच्याबरोबर गाडीपर्यंत चालत जा.